खबर काही नाही

“लिही,” खलफान म्हणाला, “माझ्या डोळ्यांच्या उजेडा, माझ्या काळजाच्या तुकड्या, तुझ्या पायात रुतायचा काटा माझ्या पायात रुतो.”

मी लिहीत नव्हतो. वही मांडीवर होती, पेन हातात होतं, पण पत्राचा एवढा भाग मी कधीच लिहून घेत नसे. तो मला पाठ होता आणि पुढे त्याचा काही उपयोगही नव्हता. मी नुसता त्याच्या तोंडाकडे बघत बसायचो आणि बोलताना तोही माझ्याकडेच बघायचा. खोलीत आम्ही दोघंच, मग तो बघणार तरी कुणाकडे? ज्याच्यासाठी हे सगळं चाललेलं असायचं तो नासर, त्याचा एकुलता एक मुलगा, इंग्लंडात होता आणि त्याला अरबी येत नव्हती.

गोष्ट सत्त्याऐंशी सालची. ओमानच्या आतल्या भागात, डोंगराच्या पायथ्याशी खजुराच्या बागांचं एक गाव होतं. खलफान बिन ज़हरानची तिथे मोठी बाग होती आणि पाण्याचे दोन टँकर होते. मी त्याचा कारकून. परवाने, सरकारी कचेऱ्या, पत्रव्यवहार, सगळं माझ्याकडे. मी बाणकोटचा. लहानपणी कुराण वाचायला शिकलो तेव्हा अरबी अक्षरांची ओळख झाली, पण त्यांचा अर्थ कळला तो या गावात सहा वर्षं काढल्यावर. इंग्रजी आमच्या हायस्कूलच्या सरांची. ते लाल पेन्सिल घेऊन बसायचे आणि आम्ही दहा शब्दांत लिहिलेलं चार शब्दांत आणून ठेवायचे. त्या पेन्सिलीची धास्ती माझ्या मनातून अजून गेलेली नाही.

नासरची आई झांझिबारची. तिचं आणि खलफानचं जमलं नाही. मुलगा सहा वर्षांचा असताना ती त्याला घेऊन इंग्लंडात भावाकडे निघून गेली. तो तिथेच वाढला, शिकला, इंजिनिअर झाला. बावीस वर्षांत बापाला भेटायला दोनदा आला. बाकी सगळा संसार पत्रांवर. खलफान अरबीत सांगायचा, मी इंग्रजीत लिहून पाठवायचो. उत्तर इंग्रजीत यायचं, ते मी अरबीत वाचून दाखवायचो.

पहिलं पत्र मी मोठ्या हौसेने शब्दाला शब्द लावून लिहिलं. अरबीत मुलाला काळजाचा तुकडा म्हणतात, आपल्यासारखंच. डिक्शनरीत बघून मी काळजाला ‘लिव्हर’ लिहिलं. महिन्याभराने नासरचं उत्तर आलं. त्यात एकच काळजीचा प्रश्न होता, वडिलांच्या लिव्हरला काय झालंय? खाली एक ओळ माझ्यासाठी होती. कृपा करून साधं लिहीत जा, वडिलांना नेमकं काय हवंय ते मला कळत नाही.

मी शरमलो. त्यानंतर मी सरांची पेन्सिल हातात घेतली. डोळ्यांचा उजेड गेला, काळीज गेलं, काटा गेला. उरायचं ते एवढंच: तुझं पत्र मिळालं, इकडे सर्व ठीक, बागेला पाणी चांगलं आहे, तब्येतीची काळजी घे. वाचायला छान, स्वच्छ इंग्रजी. नासरची उत्तरंही तशीच, चार ओळींची. त्या चार ओळी अरबीत वाचताना मात्र मी अडायचो, कारण त्या भाषेत बापाला चार ओळींत काही सांगताच येत नाही. मी पदरचं घालायचो. “माझ्या बापा, तुमच्या हाताचं चुंबन घेतो,” असं नासरने आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं. म्हणायचो मी, आणि खलफानचे डोळे भरून यायचे.

आता मी सत्तरीला टेकलोय, म्हणून सांगून टाकतो. नासरला जाणाऱ्या पत्रातून मी जे कापायचो ते टाकून देत नव्हतो, स्वतःसाठी ठेवून घेत होतो. माझे वडील होडीवर तांडेल. आखाताला निघालो त्या दिवशी त्यांनी माझ्या ट्रंकेला बांधलेली दोरी ओढून बघितली आणि म्हणाले, “गाठ घट्ट आहे.” एवढाच निरोप. आमच्या घरात कुणाचं कुणावाचून अडत होतं की नाही ते कधी बोलून दाखवायची रीतच नव्हती. आणि इथे एक म्हातारा दर पत्राला समोर बसून, माझ्या डोळ्यांत बघत, मला म्हणत होता, माझ्या डोळ्यांच्या उजेडा. नाव नासरचं होतं, हे मला ठाऊक होतं. तरी ऐकताना बरं वाटायचं.

त्या गावची आणखी एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. तिथे कुणी भेटलं की पहिल्यांदा विचारतात, काय खबर? त्यावर उत्तर ठरलेलं असतं, खबर काही नाही, सगळं शांत. घरात आग लागलेली असली तरी हेच. मग पाहुणा बसतो, खजूर खातो, कहवा पितो, आणि मग दुसऱ्यांदा विचारतात, बोल, काय खबर? त्यानंतर खरं काय ते बाहेर येतं. पहिल्याच प्रश्नाला कुणी दुःख ओकलं तर तो माणूस उथळ. आणि दुसऱ्यांदा न विचारणारा तर माणसातच जमा नाही. एकदा शेजारच्या बागेतला राशिद, खलफानचा चुलतभाऊ, कपाळावर रक्त घेऊन दारात उभा राहिला. मी घाबरून विचारलं तर म्हणतो, सगळं शांत. दोन खजूर खाल्ले, कहव्याच्या तीन वाट्या रिचवल्या, खलफानने पुन्हा विचारलं, तेव्हा कळलं की याची गाडी ओढ्यात उलटलीय आणि आत मेव्हणा अडकलाय. मेव्हणा वाचला, नशीब त्याचं.

अशी ती भाषा. प्रेम सांगायला तिच्यात शब्दांचा पूर, पण दुखणं सांगायचं तर दोनदा विचारल्याखेरीज तोंड उघडायचं नाही. इंग्रजीचं बरोबर उलटं. दुखणं पहिल्याच ओळीत सांगून मोकळे, आणि प्रेम म्हटलं की सगळे खिडकीबाहेर बघायला लागतात. मी या दोहोंच्या मधे बसायचो आणि मला वाटायचं, दोन्ही आपल्याला येतात.

त्या वर्षी उन्हाळा सरताना खलफानचं पोट दुखायला लागलं. मी त्याला राजधानीच्या हॉस्पिटलात नेलं. डॉक्टर केरळचे होते. त्यांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, गाठ आहे, पसरलीय, दोन महिने, फार तर तीन. खलफान गाडीत बसला. मग म्हणाला, “डॉक्टर तुझ्याशी फार वेळ बोलला. म्हणजे मला कळलं.”

घरी आल्यावर तो पत्र सांगायला बसला. पुन्हा तोच उजेड, तेच काळीज, बागेचं पाणी, खजुराची तोडणी. शेवटी, नेहमीसारखं, तुझ्या येण्याने घर उजळेल. हे वाक्य तो प्रत्येक पत्रात घालायचा. त्यावरून नासरला काही कळणं शक्यच नव्हतं. मी म्हणालो, “काका, मला सरळ लिहू द्या. इंग्रजीत दोन वाक्यं लागतात. मी आजारी आहे. ये.”

“असं लिहिलं तर तो हुकूम होतो,” तो म्हणाला. “मी त्याला वाढवला नाही, युनूस. त्याच्यावर माझा हुकूम चालत नाही. त्याने विचारलं पाहिजे, मग मी सांगेन. विचारलं तर सगळं सांगेन, आणि ये असंही म्हणेन.”

मी पुष्कळ समजावलं. तो ऐकेना. उलट माझ्याकडून वचन घेतलं की मी माझ्या मनाने नासरला काही कळवणार नाही. त्याला मुलगा बघायचा होता. एकदाच, मरायच्या आत. दुसरं काही त्याने मागितलं नाही. पण मागायचं कसं, याबाबत तो तसूभर हलायला तयार नव्हता. शेवटी एवढ्यावर तडजोड झाली की मी नासरला लिहावं, मंगळवारी दुपारी चारला फोन कर, वडिलांना तुझा आवाज ऐकायचाय.

मंगळवारी खलफानने आंघोळ केली, पांढराशुभ्र डगला घातला, अंगाला उदाचं अत्तर लावलं. पायांत बळ नव्हतं म्हणून त्याची गादीच आम्ही मजलिसमध्ये, म्हणजे बैठकीच्या खोलीत, फोनजवळ आणून टाकली होती. समोर खजुरांची थाळी आणि कहव्याची किटली. फोनवरच्या माणसाला कहवा कसा पाजणार, हे मी विचारलं नाही.

चारला पाच मिनिटं असताना फोन वाजला. मी रिसीव्हर उचलला. लाइन खरखरत होती, पण आवाज कळत होता.

“मी नासर,” तो इंग्रजीत म्हणाला. “वडील कसे आहेत? काही झालंय का?”

मी खलफानकडे वळून सांगितलं, “नासर विचारतोय, काय खबर?”

खलफान ताठ बसला. डोक्यावरची टोपी सारखी केली. “खबर काही नाही,” तो म्हणाला. “सगळं शांत, अल्लाची कृपा. तुझी काय खबर?”

मी नासरला सांगितलं, सगळं ठीक आहे, नवीन काही नाही, तुमचं कसं चाललंय म्हणून विचारतायत. शब्दाला शब्द बरोबर होता. नासर म्हणाला, कामाचा फार ताण आहे, डिसेंबरच्या सुट्टीत जमलं तर येऊन जाईन. ते मी खलफानला सांगितलं. त्याने मान हलवली, थाळीतला एक खजूर उचलून हातात धरला आणि थांबला. त्याची नजर माझ्या ओठांवर होती. तिकडून नासर आणखी थोडं बोलला, मी उत्तर दिलं, आणि फोन ठेवला.

“आणखी काही विचारलं त्याने?” खलफानने विचारलं.

“नाही, काका.”

खजूर त्याने परत थाळीत ठेवला. म्हणाला, आवाज नीट येत नसेल, इतक्या लांबून बोलायचं म्हणजे. मग मला म्हणाला, कहवा ओत, गार होतोय. आम्ही दोघांनी प्यायला.

त्यानंतर तो नऊ दिवस जगला. डॉक्टरांनी दोन महिने सांगितले होते, तेवढेही भरले नाहीत; त्या फोनची वाट बघतच तो इतके दिवस धरून बसला होता, असं आता वाटतं. पत्र सांगायला तो पुन्हा बसला नाही. मी त्याला भरवायचो, कूस बदलून द्यायचो, नमाजाच्या वेळी ओल्या फडक्याने हातपाय पुसायचो. कधी ग्लानीत असताना तो माझा हात धरून म्हणायचा, माझ्या डोळ्यांच्या उजेडा. पुढे नासरचं नाव नसायचं. कुणाला म्हणतोय ते मी विचारलं नाही. खोटं कशाला बोलू, ते नऊ दिवस मी सुखात होतो.

गुरुवारी पहाटे तो गेला. दुपारच्या नमाजाआधी दफन झालं. मी नासरला फोन केला. हे मात्र मी चांगल्या इंग्रजीत सांगितलं, पहिल्याच वाक्यात.  तो म्हणाला, “पण तुम्ही तर ठीक आहे म्हणाला होता.” मी म्हणालो, अचानक झालं.

तो शनिवारी सकाळी पोचला, दुखवट्याच्या तिसऱ्या दिवशी. अंगात गडद रंगाचा सूट, वडिलांचंच नाक, वडिलांचीच उंची. लोक रांगेने यायचे, त्याचा हात हातात घेऊन ठरलेलं सांत्वन करायचे, आणि ठरलेलं उत्तर त्याला येत नसल्यामुळे तो नुसती मान हलवायचा. मी शेजारी बसून हळूच शब्द पुरवत होतो. दोन-तीनदा चुकला, मग शिकला. त्याचे उच्चार ऐकून म्हाताऱ्या माणसांना रडू यायचं.

दुपारी गर्दी ओसरली. मजलिसमध्ये तिघंच उरलो. भिंतीला टेकून नासर, त्याच्या बाजूला मी, समोर राशिद. राशिद मनाने मोठा माणूस, पण पोटात काही राहायचं नाही. तो मला म्हणाला, “याला आमची रीत सांग. याचा दोष नाही, याला कुणी शिकवलीच नाही. आमच्याकडे खबर दोनदा विचारतात. पहिल्यांदा कुणी खरं सांगत नाही. त्या दिवशी फोनवर याने दुसऱ्यांदा विचारलं असतं तर खलफानने सगळं सांगितलं असतं. ये म्हणाला असता. त्याने मला स्वतः सांगितलंय.”

मी इंग्रजीत सगळं सांगितलं. न सांगून चाललं असतं, पण राशिद माझ्या तोंडाकडे बघत होता, आणि बोलायला लागल्यावर मला थांबता आलं नाही. नासरने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग तो सावकाश माझ्याकडे वळला.

“पण मी विचारलं होतं,” तो म्हणाला.

हो. फोन ठेवण्याआधी तो आणखी थोडं बोलला, असं मी वर म्हटलं, ते हेच. तो म्हणाला होता, “तुम्ही त्यांच्याजवळ असता. ते खरंच बरे आहेत ना? त्यांना पुन्हा एकदा विचारा.” त्याला रीत माहीत नव्हती. नुसत्या काळजीने त्याने बरोबर तेच केलं होतं जे त्या गावातला चांगला मुलगा करतो. आणि खजूर हातात धरून, माझ्या ओठांवर नजर लावून बसलेल्या त्याच्या बापाकडे बघत मी इंग्रजीत उत्तर दिलं होतं, “ते बरे आहेत, सर. खबर काही नाही.”

मला वाटलं होतं, अजून वेळ आहे. आठवड्याभराने मीच काहीतरी करून कळवीन. असं मी मनाला सांगितलं. पण खरं कारण ते नव्हतं. नासर आला असता तर खलफान त्याच्या डोळ्यांत बघून बोलला असता, आणि मी मधे बसून कारकुनी केली असती. मला आणखी थोडे दिवस हवे होते. एवढंच.

“तुम्ही त्यांना सांगितलंच नाही,” नासर म्हणाला.

“नाही.”

“का?”

अरबीत माझ्याजवळ उत्तरं होती. अल्लाची मर्जी, सैतानाने जीभ धरली, जे लिहिलेलं असतं ते चुकत नाही. त्यात गुन्हा कबूल होतो आणि तरी तो एकट्याचा राहत नाही, कुणीतरी वरून हात लावतं. इंग्रजीत ‘का’ म्हटलं की कारण द्यावं लागतं. माझं कारण एका वाक्यात बसत होतं, सरांनासुद्धा त्यातला एक शब्द कापता आला नसता. पण ते माझ्या तोंडातून निघालं नाही. मी मान खाली घातली.

“काय म्हणतो?” राशिदने अरबीत विचारलं.

“वडिलांबद्दल विचारतोय,” मी म्हणालो.

“मग त्याला हेही सांग,” राशिद म्हणाला. “फोन झाल्यावर मी खलफानला बोललो होतो, तुझा पोरगा कोरडा निघाला. तो माझ्यावर रागावला. म्हणाला, माझा नासर कोरडा नाही. त्याला कळलं होतं. उत्तर त्याला ऐकवणार नाही म्हणून त्याने विचारलं नाही. लहानपणीही मला ताप आला की तो दाराबाहेर उभा राहायचा, आत येऊन विचारायचा नाही, असं म्हणाला. सांग त्याला. त्याच्या मनात राहायला नको की बाप नाराज होऊन गेला.”

मी ते इंग्रजीत सांगितलं. दार, ताप, सगळं.  नासर समोरच्या भिंतीकडे बघत बसला.  तो आता माझं नाव घेईल, राशिदला खुणेने तरी सांगेल, याची मी वाट बघत होतो. खरं तर त्याने तसं करावं असंच मला वाटत होतं.

“त्यांना सांगा,” तो शेवटी म्हणाला, “वडिलांनी मला बरोबर ओळखलं होतं. मला भीती वाटली. म्हणून मी विचारलं नाही.”

मी त्याच्याकडे बघितलं. त्याने मान हलवली, सांगा म्हणून. मी राशिदला अरबीत सांगितलं.

राशिद रडायला लागला. उठून त्याने नासरचं कपाळ चुंबलं आणि त्याच्या बापाच्या आत्म्यासाठी दुआ मागितली. मग तो माझ्यापाशी आला, माझं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि म्हणाला, “आणि तू, युनूस. मुलाने करायचं ते सगळं तू केलंस. तू त्याचा मुलगाच झालास.”

नासर आमच्याकडे बघत होता. “आता काय म्हणाले ते?” त्याने विचारलं.

“ते म्हणतायत,” मी इंग्रजीत सांगितलं, “मी तुमच्या वडिलांचा मुलगा झालो.”

 दारात कुणीतरी आलं होतं, त्यांच्या हातात हात द्यायला नासर उठून उभा राहिला.